आकड्याचा धनी कोण?

विद्यापीठात माहितीला तोटा नसतो. अडते ते एका साध्या प्रश्नाला एकच उत्तर मिळण्यात. 'आपल्याकडे विद्यार्थी किती?' असे विचारले की प्रवेश विभाग एक आकडा सांगतो, परीक्षा विभाग दुसरा, शिष्यवृत्तीचे टेबल तिसरा. तिघेही खरेच बोलत असतात. पहिल्याने शुल्क भरलेले मोजलेले असतात, दुसऱ्याने परीक्षेचा अर्ज भरलेले आणि तिसऱ्याने शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर नोंद झालेले. मग दिल्लीला माहिती पाठवायची वेळ आली की त्या दिवशी जो संगणकापुढे बसलेला असतो, त्याच्या हाताशी असलेला आकडा विद्यापीठाचा आकडा ठरतो. हे थांबवायचे तर माहितीचा कारभार पाहणारी एक अधिकृत समिती हवी. ती कशी असावी, हे सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांकडे पाहून नीट समजते.

साताऱ्याचा प्रश्न, सांगलीचा प्रश्न

साताऱ्यात 2021 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. हे समूह विद्यापीठ आहे. रयत शिक्षण संस्थेची यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, छत्रपती शिवाजी कॉलेज आणि धनंजयराव गाडगीळ कॉलेज ऑफ कॉमर्स ही तीन महाविद्यालये एकत्र येऊन ते बनले. त्याआधी ही तिन्ही कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे त्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या कोल्हापूरच्या. छत्रपती शिवाजी कॉलेज तर 1947 चे. म्हणजे विद्यापीठ कालचे, जनरल रजिस्टरे पाऊणशे वर्षांची आणि ती भरण्याच्या पद्धती तीन. एखाद्याने 1990 च्या पदवीची पडताळणी मागितली, तर पत्र कोणत्या दारात पाठवायचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

सांगलीत अडचण उलट दिशेची आहे. तिथे विद्यार्थी एकच, पण त्याची माहिती वाटली गेलेली. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय स्वायत्त आहे. तिथल्या मुलाचा प्रवेश मुंबईच्या सीईटी कक्षाच्या प्रक्रियेतून होतो, परीक्षा महाविद्यालय घेते आणि पदवी शिवाजी विद्यापीठ देते. तिन्ही ठिकाणी त्याची नोंद आहे. नावात एका अक्षराचा फरक पडला, तर दुरुस्ती कोणी करायची आणि ती उरलेल्या दोघांना कोणी कळवायची? व्यवहारात ते काम विद्यार्थ्याचे वडील करतात, एसटीने फेऱ्या मारून.

शिवाजी विद्यापीठाचा पसारा मोठा आहे. 1962 मध्ये ते सुरू झाले. 2004 मध्ये सोलापूर वेगळे झाल्यापासून कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे त्याच्याकडे राहिले. अडीचशेहून अधिक महाविद्यालये त्याला माहिती पुरवतात. वर एक समिती नेमून तिथले काम भागणार नाही. प्रत्येक महाविद्यालयात या कामाचा एक नेमलेला माणूस हवा.

जातीच्या रकान्यात काय लिहायचे?

माझ्या मते सगळ्यात किचकट गाठ इथे आहे आणि संगणक कितीही चांगला घेतला तरी ती सुटत नाही.

2019 मध्ये अकरावीला आलेला एक मराठा विद्यार्थी धरा. तेव्हा मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा लागू होता. म्हणून तो एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास. सप्टेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आरक्षणाला स्थगिती दिली आणि 5 मे 2021 रोजी ते रद्दच केले. त्याच वर्षी तो पदवीला आला, तेव्हा दाखल्यानुसार ईडब्ल्यूएस किंवा खुला. फेब्रुवारी 2024 मध्ये दहा टक्के आरक्षणाचा नवा कायदा झाला आणि एम.एस्सी.ला तो पुन्हा एसईबीसी. मधेच घरच्या जुन्या कागदात कुणबी नोंद सापडली, तर ओबीसी. माणूस तोच, रकाने चार. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या स्वयंमूल्यमापन अहवालात मागच्या पाच वर्षांचे आकडे द्यावे लागतात. तेव्हा आजचा प्रवर्ग मागे ओढून लावायचा, की त्या त्या वर्षीचा ठेवायचा? उत्तर उघड आहे: त्या वर्षीचा. पण संगणक प्रणालीत प्रवर्गाचा एकच रकाना असेल, तर नवी नोंद जुनी पुसून टाकते. प्रत्येक बदलाची तारीख जपायची, हा निर्णय कोणीतरी अधिकाराने घ्यावा लागतो.

दुसरी अडचण राज्य आणि केंद्र यांच्या वर्गवारीतली. जत-आटपाडीकडचा धनगर समाजाचा विद्यार्थी राज्याच्या कागदावर भज-क, म्हणजे भटक्या जमाती (क), असतो. केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात, म्हणजे 2010-11 पासून चालू असलेल्या एआयएसएचईमध्ये, भज-क असा रकानाच नाही. तिथे तो ओबीसीत धरायचा. एखाद्या टेबलावर ओबीसीखाली फक्त राज्याच्या यादीतले ओबीसी भरले, तर भटक्या-विमुक्तांची मुले कागदोपत्री सर्वसाधारण गटात जाऊन पडतात. पुढे त्याच आकड्यांवर धोरणे ठरतात. ही वर्गवारी जुळवणारा एक पानाचा तक्ता समितीने मंजूर करून सगळीकडे पाठवला, तरी निम्मी चूक टळेल.

नावाचे त्रांगडे वेगळेच. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्नानंतर काही मुलींचे सगळेच बदललेले. आणि विद्यार्थ्याच्या 'अपार' या ओळख क्रमांकासाठी आधारशी तंतोतंत जुळणी हवी. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही आले आहे. ती मुले 2042 च्या सुमारास महाविद्यालयात येतील, म्हणजे या एका बाबतीत तरी विचाराला वेळ आहे.

कायद्यात जागा कुठे आहे?

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, 2016 मध्ये माहिती तंत्रज्ञान मंडळ हे एक प्राधिकरण आहे. मग आणखी समिती कशाला, असा प्रश्न व्यवस्थापन परिषदेत पहिल्यांदा विचारला जाईल. मंडळाचे लक्ष यंत्रणा, जाळे आणि प्रणाली यांच्यावर असते. 'पूर्णवेळ शिक्षक' कोणाला म्हणायचे, तासिका तत्त्वावरचे त्यात धरायचे की नाही, हे काही तंत्रज्ञानाचे काम नव्हे. त्याच अधिनियमाने विद्यापीठाच्या अभिलेखांचे अभिरक्षक म्हणून कुलसचिवांना नेमले आहे. म्हणजे माहितीचा धनी कायद्याने आधीच ठरलेला आहे. त्याच्या हाताशी माणसे आणि नियम तेवढे नाहीत.

अध्यक्ष प्र-कुलगुरू आणि सचिव कुलसचिव अशी रचना मला योग्य वाटते. सोबत परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी, संगणक केंद्राचा प्रमुख, संख्याशास्त्राचा एक शिक्षक, कायदा जाणणारा एक जण आणि एक विद्यार्थी. शिवाय दोन लिपिक, तेही मत देण्याच्या अधिकारासह. पात्रता विभागात वीस वर्षे काढलेल्या बाईंना कोणत्या रकान्यात कोण काय भरतो, हे जेवढे ठाऊक असते, तेवढे कोणत्याही अधिष्ठात्याला नसते.

गुणवत्ता कक्षाकडेच का सोपवू नये?

बहुतेक ठिकाणी हे काम आयक्यूएसीच्या, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, गळ्यात पडते. कक्षाचे लोक कष्ट करतात, त्याबद्दल वाद नाही. पण चांगली श्रेणी मिळवणे हे ज्याचे उद्दिष्ट, त्यानेच आकडा खरा की खोटा हे ठरवायचे, म्हणजे गोलंदाजानेच पंचाची टोपी घालण्यासारखे आहे. कक्षाच्या समन्वयकाने समितीत बसावे, बोलावे, पण मत देऊ नये.

ही भीती काल्पनिक नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी 2022 च्या सुरुवातीला आपल्याच विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेले आकडे तपासून प्रसिद्ध केले. वीसपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वर्ग 80 टक्क्यांहून अधिक, असा विद्यापीठाचा दावा होता. फेरमोजणीत ते सुमारे 57 टक्के निघाले. देशात दुसऱ्या क्रमांकावरचे विद्यापीठ त्या वर्षी अठराव्यावर आले. तपासायची इच्छा आणि हिंमत असलेला माणूस घरातच होता; त्याचे म्हणणे आधी ऐकून घेईल अशी जागा मात्र नव्हती.

म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तक्त्यावर समितीची सही असावी आणि न जुळणारा आकडा परत पाठवायचा अधिकारही. आपल्याकडे एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीला दिलेली माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती नॅकच्या अहवालाशेजारी ठेवून कोणताही जागरूक पालक ताडून पाहू शकतो.

काय दाखवायचे, काय झाकायचे

नॅकला पुरावे लागतात, म्हणून महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या याद्या पीडीएफ करून संकेतस्थळावर टाकतात. त्यांत नाव, प्रवर्ग, कधी मोबाइल क्रमांकही असतो. हे ताबडतोब थांबायला हवे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांत लागू व्हायच्या आहेत. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड 250 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. आपल्याकडे अकरावी-बारावीही बऱ्याचदा त्याच आवारात भरते. ती मुले अठराच्या आतली, म्हणजे पालकांच्या संमतीचा प्रश्न आलाच.

दुसऱ्या टोकाला माहितीचा अधिकार आहे. आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केला. नव्या डेटा संरक्षण कायद्याचे नाव पुढे करून नियुक्त्या, खर्च, रिक्त पदे झाकण्याचा मोह होईल. समितीने तो आधीच मोडून काढावा. गोषवारा सर्वांसाठी खुला, नावानिशी यादी बंद, एवढा नियम सुरुवातीला पुरतो.

प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीचा करार संपल्यावर सगळी माहिती, वाचता येईल अशा स्वरूपात, किती दिवसांत परत मिळणार, हे करारातच लिहून घ्यावे. आणि सांगलीकरांना वेगळे सांगायला नको, पण सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा 57 फुटांच्या वर गेली होती. माहितीची एक प्रत नदीपासून दूर, दुसऱ्या गावात असावी. साताऱ्याची प्रत सांगलीत ठेवण्यापेक्षा सांगलीची साताऱ्यात ठेवणे शहाणपणाचे.

पहिल्या बैठकीत

धोरणाचा साठ पानी मसुदा करत बसू नये. नेहमी लागणारे वीस आकडे निवडावेत: विद्यार्थी, पूर्णवेळ शिक्षक, रिक्त पदे, पदवीधर, शिष्यवृत्तीधारक असे. प्रत्येकासमोर तीन गोष्टी लिहाव्यात: व्याख्या, मोजणीची तारीख आणि जबाबदार टेबल. टेबलाचे नाव लिहायचे, माणसाचे नाही, कारण बदल्या होत राहतात. मग एआयएसएचई सर्वेक्षणाचा मागच्या वर्षीचा तक्ता समोर घेऊन हे वीस आकडे पुन्हा मोजावेत आणि जिथे फरक पडेल तिथे कारणासह तो इतिवृत्तात नोंदवावा.