कोवळ्या जबड्यातली गाठ

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचा गाल एका बाजूने हळूहळू फुगतो, पण दुखत नाही. एक्स-रेत न उगवलेल्या अक्कलदाढेभोवती काळी, गोल पोकळी दिसते. बहुतेकदा ती साधी सिस्टच असते. क्वचित मात्र तिच्या अस्तरात अमेलोब्लास्टोमा हा जबड्याचा ट्यूमर दडलेला असतो. निव्वळ एक्स-रेवरून या दोघांत खात्रीने फरक करता येत नाही. म्हणून काढलेली प्रत्येक सिस्ट, ‘साधीच तर आहे’ असं वाटलं तरी, पॅथॉलॉजिस्टकडे जायलाच हवी. आणि तीही अख्खी, कारण ट्यूमर अस्तराच्या एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो.

रॉबिन्सन आणि मार्टिनेझ यांनी १९७७ मध्ये अमेलोब्लास्टोमाचा हा एकाच पोकळीचा प्रकार वेगळा काढला. नेहमीच्या अमेलोब्लास्टोमात गाठीभोवतीचं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर निरोगी हाडही कापतात. तेच वाढत्या जबड्यात केलं तर चेहरा, चावणं, दात सगळंच बिघडतं. हाड राखलं तर गाठ पुन्हा येईल, हा आक्षेप खोटा नाही. पण तो सगळ्या रुग्णांना सारखा लागू नाही. ट्यूमर अस्तरापुरता किंवा पोकळीतच असेल, तर सिस्ट समूळ काढून लक्ष ठेवणं बहुधा पुरतं. तो सिस्टच्या भिंतीत शिरला असेल, तर जास्त हाड काढण्याचा विचार करावा लागतो. खरी अडचण पुढेच आहे: गाठ दहा वर्षांनीही उलटू शकते, आणि तोवर मुलगा नोकरीसाठी परगावी गेलेला असतो. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणि जुने एक्स-रे त्याच्याजवळच असलेले बरे.