ऑटोमॅटिक गाडी घेताना: किल्ली कुणाच्या हातात, कर्ज कुणाच्या डोक्यावर?

रविवारी विहारात वंदना झाली, चहा आला, की हल्ली एक विषय हमखास निघतो. कुणाला नोकरीत बढती मिळालेली असते, कुणाच्या घरी बाळ येणार असते, कुणाच्या आईचे गुडघे दुखत असतात. प्रश्न मात्र एकच असतो: "गाडी घ्यायची आहे. ऑटोमॅटिक घ्यावी का? बजेटमध्ये कोणती बसेल?"

वस्त्यांमध्ये काम करताना हा प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकला आहे, की त्याकडे चैनीचा विषय म्हणून पाहणे आम्ही सोडून दिले आहे. आपल्या अनेक घरांत ही पहिलीच गाडी असते. वडिलांनी सायकल चालवली, भावाने दुचाकी, आणि आता चारचाकी येते आहे. आधी कुणी गाडी घेतलेली नसल्यामुळे घरात सल्ला देणारेही कुणी नसते. जो सल्ला मिळतो तो शोरूममधल्या सेल्समनचा असतो.

प्रवासाच्या साधनाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता. १९०१ साली मसूर स्टेशनावर लहानग्या भीमरावाला आणि सोबतच्या मुलांना बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर ती मिळाली. १९२९ साली चाळीसगावला बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून आले होते, तरी टांगेवाले त्यांना न्यायला तयार नव्हते. तडजोड अशी निघाली, की टांगा भाड्याने मिळेल, पण टांगेवाला हाकणार नाही. मग आपल्यातल्याच एका सवय नसलेल्या माणसाने लगाम हाती घेतला. नदीवरच्या मोरीवर अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. हे त्यांनीच 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. त्यामुळे आपल्या घरासमोर स्वतःची गाडी उभी राहते तेव्हा होणारा आनंद आम्ही समजू शकतो. तो आनंद पुढची सात वर्षे टिकावा, म्हणून हा लेख.

ऑटोमॅटिक कशासाठी?

गर्दीत क्लच दाबून पाय दुखतो, हे कारण सगळे सांगतात आणि ते खरेही आहे. आम्हाला त्याहून मोठे कारण दिसते ते वेगळे. आपल्या बहुतेक घरांत गाडी एकच माणूस चालवतो, आणि तो पुरुष असतो. रात्री आईला दवाखान्यात न्यायचे असेल आणि तो गावाला गेला असेल, तर दारातली गाडी दारातच राहते.

आमच्या परिचयातल्या एका घरी सून परिचारिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिने ड्रायव्हिंगचा क्लास केला. लायसन्स मिळाले, पण चढावर गाडी मागे सरकते या भीतीने ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली नाही. घरी ऑटोमॅटिक आली आणि तीन आठवड्यांत ती रात्रपाळीहून स्वतः गाडी चालवत येऊ लागली. सासऱ्यांना तपासणीला तीच नेते. एका क्लच पेडलमुळे तिची किती कामे अडली होती, हे तेव्हा आमच्या लक्षात आले. डाव्या पायाला दुखापत किंवा अपंगत्व असलेल्यांनाही दोन पेडलची गाडी सोयीची पडते.

तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: ही गाडी घरातले किती जण चालवणार आहेत? उत्तर "एकटा मीच, आणि तेही महिन्यातून दोनदा गावी जायला" असे असेल, तर मॅन्युअल घ्या आणि पैसे वाचवा.

ऑटोमॅटिकचे चार प्रकार

शोरूममध्ये सगळ्याला 'ऑटोमॅटिक'च म्हणतात. आत मात्र चार वेगळी यंत्रे असतात.

एएमटी: हा नेहमीचाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी एक यंत्रणा करते. भारतात २०१४ साली मारुती सेलेरिओतून तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला. मॅन्युअलपेक्षा साधारण ४५ ते ७० हजार रुपये जास्त पडतात, मायलेज जवळपास तेवढेच मिळते. गिअर बदलताना हलकासा झटका जाणवतो. त्या क्षणी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा सैल केला, की झटका कमी होतो. वॅगन आर, स्विफ्ट, डिझायर, टियागो, पंच, एक्स्टर, ट्रायबर या गाड्या एएमटीत मिळतात.

सीव्हीटी: दोन पुली आणि त्यांवर फिरणारा पट्टा. गिअरचे टप्पेच नसल्यामुळे झटका नाही. शहरात अतिशय आरामदायी. जोरात पळवायला गेल्यास इंजिनाचा आवाज आधी वाढतो, वेग मागून येतो. होंडा अमेझमध्ये हा प्रकार आहे. निसान मॅग्नाइटच्या टर्बो इंजिनासोबतही मिळतो.

टॉर्क कन्व्हर्टर: इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे जाते. जुनी, भरवशाची पद्धत. चढावर आणि भरल्या गाडीत चांगली चालते, पेट्रोल थोडे जास्त खाते. एर्टिगा, फ्राँक्स टर्बो, एक्सयूव्ही ३एक्सओ यांत मिळते. मॅन्युअलच्या तुलनेत लाखभर किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात.

डीसीटी: दोन क्लच असलेला, झटपट गिअर बदलणारा प्रकार. चालवायला मजा येते. पण तासन् तास इंचाइंचाने सरकणाऱ्या गर्दीत क्लच तापू शकतो, आणि वॉरंटी संपल्यावर दुरुस्ती महाग पडते. तंग बजेटच्या पहिल्या गाडीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

आमचे मत सांगायचे तर, बजेट तंग असेल तर एएमटी. रोजचा बराच वेळ शहराच्या गर्दीत जात असेल आणि लाखभर जास्त देता येत असतील तर सीव्हीटी. सात जणांना घेऊन वारंवार घाट चढायचा असेल तर टॉर्क कन्व्हर्टर.

चार मीटरचा नियम

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झाला. त्याआधी छोट्या पेट्रोल गाडीवर २८ टक्के जीएसटी आणि वर १ टक्का उपकर होता. 'छोटी' म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल किंवा सीएनजी इंजिन १२०० सीसीपर्यंत (डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत). त्यापेक्षा मोठ्या गाडीवर ४० टक्के जीएसटी आहे.

सात जणांच्या कुटुंबाला हा फरक थेट जाणवतो. ट्रायबर चार मीटरच्या आत आहे, म्हणून १८ टक्क्यांत बसते. एर्टिगा बसत नाही. मात्र ट्रायबरचे इंजिन एक लिटरचे आहे. सात माणसे आणि सामान घेऊन घाटात ते दमते, आणि तिसरी रांग वापरात असताना मागे सामानाला फक्त ८४ लिटर जागा उरते. रोज चौघे आणि सणाला सात, अशा घराला ती पुरेल. कायम सात जण असतील तर सगळ्यांना बसवून चढावर चालवून बघा, मगच ठरवा.

ऑन-रोड किंमत आणि हप्त्याचा हिशेब

जाहिरातीत दिसते ती एक्स-शोरूम किंमत. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के रोड टॅक्स लागतो. ७ लाखांच्या गाडीवर ७७ हजार झाले. त्यावर विमा, नोंदणी, फास्टॅग. म्हणजे ७ लाखांची गाडी दारात येईपर्यंत साधारण सव्वाआठ लाखांना पडते.

आता समजा ६ लाखांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी घेतले. पाच वर्षांसाठी हप्ता सुमारे १२,६०० रुपये बसतो आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार होते. सात वर्षांसाठी हप्ता ९,८०० वर येतो, पण व्याज २ लाख २४ हजार. सेल्समन फक्त "हप्ता तीन हजारांनी कमी" एवढेच सांगतो. जास्तीचे ६८ हजार व्याज आपण स्वतः मोजायचे असते.

हप्त्यावर खर्च थांबत नाही. महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला १६ चे मायलेज आणि पेट्रोल १०४ रुपये धरले, तर ५,२०० रुपये झाले. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांसाठी महिन्याला अडीच हजार बाजूला ठेवा. म्हणजे पाच वर्षांच्या कर्जात गाडीचा महिन्याचा खरा खर्च वीस हजारांच्या पुढे जातो. आमचा ठोकताळा असा, की हा सगळा खर्च घराच्या मासिक उत्पन्नाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावा. उत्पन्न साठ हजार असेल तर गाडीला बारा हजार. त्यात नवी ७ लाखांची गाडी बसत नाही. जुनी चांगली गाडी किंवा आणखी दोन वर्षे बचत, हे दोनच मार्ग राहतात.

हे आम्ही पोटतिडकीने लिहितो आहोत, कारण आम्ही उलटे घडलेलेही पाहिले आहे. कंत्राटी नोकरीतल्या एका तरुणाने टॉप मॉडेल सात वर्षांच्या कर्जावर घेतले. अकराव्या महिन्यात कंत्राट संपले. हप्ते थकले, वसुलीवाले सकाळ-संध्याकाळ दारात येऊ लागले आणि शेवटी गाडी गेली. बहिणीचे नर्सिंगचे प्रवेशशुल्क आधीच डाउन पेमेंटमध्ये गेले होते. वसुली एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, धाकदपटशा करू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. ते त्या घराला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर छळ कमी झाला असता. कर्ज मात्र उरलेच असते.

भगवान बुद्धांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. त्यांतले एक 'अनणसुख', म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख. सिगालोवाद सुत्तात तर मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, आणि चौथा अडचणीच्या काळासाठी राखीव. कर्ज घेऊच नका, असे आम्ही म्हणत नाही. हप्ता त्या चौथ्या भागातून जात असेल, तर गाडी आपल्या ऐपतीबाहेरची आहे एवढे ओळखा.

सुरक्षितता आधी, सनरूफ नंतर

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याकडे भारत एनकॅपची टक्कर चाचणी सुरू झाली. त्याआधी ग्लोबल एनकॅपचे निकाल पाहिले जात. पंचला २०२१ मध्ये आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये प्रौढांच्या सुरक्षेसाठी ५ तारे मिळाले. वॅगन आरला २०२३ मध्ये प्रौढांसाठी १ तारा आणि मुलांसाठी शून्य मिळाला. त्यानंतर तिच्यात सहा एअरबॅग आल्या हे खरे, पण एअरबॅगची संख्या आणि सांगाड्याची मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडीचे नाव आणि चाचणीचे वर्ष, दोन्ही बघा. मागच्या सीटवरही बेल्ट लावा. लहान मूल मांडीवर नको, चाइल्ड सीटमध्ये हवे.

बुकिंगपूर्वी

टेस्ट ड्राइव्ह मोकळ्या रस्त्यावर घेऊ नका. उड्डाणपुलाच्या चढावर, गर्दीत, घरातली माणसे बसवून घ्या. जी व्यक्ती गाडी चालवायला घाबरते, तिलाच चालवायला द्या.

किमतीचा प्रत्येक आकडा लेखी मागा. 'हँडलिंग चार्ज' नावाची रक्कम दिसली तर ती काढायला सांगा. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते. बाहेरचे दोन दर काढून आणा.

सीएनजी हवा असेल तर २०२४ मध्ये टाटाने टियागो आणि टिगोरमध्ये सीएनजीसोबत एएमटी आणली आहे. इलेक्ट्रिक गाडीला क्लच-गिअरची कटकटच नसते आणि जीएसटी ५ टक्के आहे. पण स्वतःच्या मीटरवरून चार्जिंग करता येईल अशी हक्काची पार्किंग जागा असेल तरच तिचा विचार करा. चाळीत किंवा भाड्याच्या घरात ही अडचण मोठी असते.

जुनी एएमटी घेताना ती चढावर थांबवून पुन्हा चालू करा. गाडी थरथरली किंवा जळका वास आला, तर क्लच संपत आला आहे असे समजा. आरसी, थकीत ई-चलन आणि सर्व्हिसचा इतिहास तपासा. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, तर जुन्या मालकाचे कर्ज उतरवण्यासाठी बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हे हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

चालवताना

बहुतेक एएमटी गाड्यांत 'पी' म्हणजे पार्किंगची खूण नसते. म्हणून उतरण्यापूर्वी हँडब्रेक ओढण्याची सवय लावून घ्या. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरू नका, ब्रेक दाबून थांबवा. महाडला जाताना किंवा कसारा घाट उतरताना मॅन्युअल मोडवर खालचा गिअर टाका, म्हणजे ब्रेक तापणार नाहीत. बॅटरी उतरली तर ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून सुरू होत नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

शेवटची सूचना अशी. गाडी आली की दुसरी किल्ली कपाटात ठेवू नका. ती घरातल्या बाईच्या हातात द्या आणि पहिला महिनाभर शेजारच्या सीटवर शांत बसा. पुढच्या अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीकडे निघाल तेव्हा निम्मा रस्ता तिला चालवू द्या.

जय भीम!