पंख त्यांचे, वैमानिक यांचे

बँकेच्या नोकरीत एक गोष्ट लवकर कळते. खोटी नोट पकडणे तितकेसे अवघड नसते. कागद बोलतो, शाई बोलते. खरी पंचाईत होते ती अस्सल चेक नको त्या माणसाच्या हाती पडला की. चेक खरा, नंबर खरा, शिक्का खरा. खोटा असतो तो फक्त काउंटरपलीकडे उभा असलेला माणूस. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मनांच्या ‘के. जी. २००’ या गुप्त विमानदलाविषयी वाचताना मला असा चेकच आठवत राहिला.

१२ डिसेंबर १९४२ ची गोष्ट. फ्रान्सवर चालून गेलेल्या अमेरिकन बॉम्बर विमानांपैकी एक ‘बी-१७’ जर्मन फायटर विमानांच्या माऱ्यात सापडले आणि मेलाँ गावाजवळच्या एका शेतात उतरले. या जातीच्या विमानाला अमेरिकन लोक अभिमानाने ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, म्हणजे उडता किल्ला म्हणत. या किल्ल्याच्या नाकावर ‘वुल्फ हाउंड’ असे नाव रंगवलेले होते. जर्मनांनी तो दुरुस्त केला, त्यावर आपले क्रूस रंगवले आणि रेखलिनच्या चाचणी केंद्रावर नेला. मग हे विमान फायटर तुकड्यांच्या तळांवर फिरवले गेले. शत्रूच्या तोफा कुठवर वळतात आणि त्यांना काय दिसत नाही, हे जर्मन वैमानिकांना आता शत्रूच्याच खुर्चीत बसून पाहता येत होते. पुढे अशी आणखी विमाने हाती लागली. फेब्रुवारी १९४३ मध्ये सिसिलीत एक अमेरिकन ‘लिबरेटर’ही मिळाले.

पण नुसता अभ्यास करून भागण्यासारखी जर्मनीची स्थिती नव्हती. तिच्याकडे लांब पल्ल्याचे, भरवशाचे चार इंजिनांचे विमान पुरेशा संख्येने कधी तयारच झाले नाही. ‘हाइंकेल १७७’ केले, तर त्यात दोन-दोन इंजिने एकत्र जोडून एकच पंखा फिरवायची शक्कल काढली. ती इंजिने हवेतच पेट घेत. तेव्हा जर्मनीला हवे होते तसे विमान बनवत होता शत्रू, आणि त्याचे सुटे भागही जर्मनीच्या शेतांत रोज पडत होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ‘के. जी. २००’ ची रीतसर स्थापना झाली. मुख्यालय बर्लिनजवळ गाटोला. पकडलेल्या ‘बी-१७’ ला कागदोपत्री ‘डॉर्निअर २००’ हे बनावट नाव देण्यात आले. या विमानांचे काम म्हणजे रात्रीच्या अंधारात शत्रूच्या मुलखात हेर उतरवणे. त्यासाठी तीन माणसे एकत्र मावतील अशी पॅराशूट लावलेली पेटीच तयार केलेली होती. पेटीत बसायचे आणि वरून सोडून द्यायचे. आत बसलेल्यांच्या मनात काय चालत असेल, याचा विचार माझ्यातला कादंबरीकार अनेकदा करतो, आणि दरवेळी थांबतो.

या तुकडीभोवती दंतकथा पुष्कळ आहेत. पकडलेल्या विमानात बसून जर्मन वैमानिक दिवसाढवळ्या अमेरिकन ताफ्यात मिसळत आणि आतून घात करत, ही त्यातली सर्वांत लाडकी. १९७७ मध्ये गिलमन आणि क्लाइव्ह या जोडीने याच तुकडीवर कादंबरी लिहिली. कादंबरीला असला मसाला मानवतो. प्रत्यक्षातले काम बरेच वेगळे होते. बहुतेक उड्डाणे रात्रीची, एकेकट्याने केलेली, आणि विमानांवर जर्मन खुणा असत.

सहा ऑक्टोबर १९४४ च्या रात्रीचेच घ्या. एका ‘बी-१७’ मधून पाच जण पॅलेस्टाइनमध्ये जेरिकोजवळ उतरले. तीन जर्मन, तेही पॅलेस्टाइनमध्येच वाढलेले. आणि दोन अरब, त्यांतला एक हसन सलामा. तिथल्या अरबांना ब्रिटिशांविरुद्ध आणि ज्यूंविरुद्ध उठवायचे, हा बेत. उतरतानाच ही मंडळी आणि त्यांचे सामान विखुरले. बरोबर आणलेली सोन्याची नाणी भलत्यांनाच सापडली आणि बोभाटा झाला. दहाच दिवसांत तिघे वादी केल्ट या दरीत पकडले गेले. सलामा निसटला, तो १९४८ च्या लढाईत मारला गेला. इतक्या लांबवर अचूक उडवलेले विमान, इतके धाडस, आणि ते सगळे नाझींच्या विषारी राजकारणाच्या दावणीला. वैमानिकांच्या कौशल्याची वाहवा करताना हे विसरून चालत नाही.

असा उद्योग जर्मनांनीच केला असे मात्र नव्हे. ब्रिटिश हवाई दलाची ‘१४२६ फ्लाइट’ पकडलेली जर्मन विमाने घेऊन तळातळावर हिंडे, आपल्या लोकांना ती ओळखता यावीत म्हणून. लोक तिला थट्टेने ‘राफवाफे’ म्हणत. स्वतःच्याच तोफांना बळी पडू नये म्हणून बरोबर राखणीला फायटर विमाने ठेवावी लागत. त्यांचे एक हाइंकेल फेब्रुवारी १९४० मध्ये स्कॉटलंडमध्ये पडले होते; ते दुरुस्त करून वापरत. १० नोव्हेंबर १९४३ रोजी पोलब्रुकच्या अमेरिकन तळावर उतरताना समोरून त्याच धावपट्टीवर त्यांचेच दुसरे जर्मन विमान येत होते. टक्कर टाळताना हाइंकेल कोसळले. आतल्या अकरांपैकी सात जण गेले. जर्मन विमानात, ब्रिटिश गणवेशात, अमेरिकन तळावर.

साठच्या दशकातल्या पुणेकरांनी यातले एक विमान डोक्यावरून जाताना ऐकले आहे. ब्रिटिशांनी जाताना कानपूरला नासधूस करून टाकलेली लिबरेटर विमाने बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने पुन्हा उभी केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. पुण्याचा लोहगाव तळ हे त्यांचे एक घर होते. मावशीच्या घरी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांवरून ती जड घरघर जायची, ती मला अजून आठवते. भंगारातून उठवलेले विमान वीस वर्षे समुद्रावर पहारा देते, ही आपल्याकडची गोष्ट कुणी सविस्तर लिहायला हवी.

‘के. जी. २००’ चा शेवटच्या काळातला प्रमुख वेर्नर बाउमबाख हा जर्मनीच्या नामांकित बॉम्बर वैमानिकांपैकी एक. नोव्हेंबर १९४४ मध्ये त्याने सूत्रे हाती घेतली. युद्ध हरल्यावर तो अर्जेंटिनात गेला. २० ऑक्टोबर १९५३ रोजी चाचणीच्या उड्डाणात त्याचे विमान कोसळले आणि तो मेला, वय छत्तीस. ते विमान होते लँकेस्टर. जर्मनीच्या शहरांवर रात्रीमागून रात्री बॉम्ब टाकणाऱ्या जातीचे, आणि अर्जेंटिनाने युद्धानंतर ब्रिटनकडून रीतसर पैसे मोजून घेतलेले.