न बोलावता येणारी दुरुस्ती

नांदेडच्या वजिराबादेत अथवा लातूरच्या औसा रोडवर, घरच्या संगणकाला मोबाइलचे हॉटस्पॉट जोडून कोणी प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरीत बसावे, आणि छायाचित्र चढविण्याच्या ऐन क्षणी पडद्यावर ‘संगणक बंद करू नका’ असे फर्मान झळकावे, हा अनुभव आता कोणासही अपरिचित राहिलेला नाही. विंडोज प्रणालीची सुरक्षा-दुरुस्ती दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अमेरिकी घड्याळाप्रमाणे सकाळी निघते. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असल्याने तिचा उपद्रव बहुधा बुधवारी-गुरुवारी जाणवतो.

ती कायमची बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. कारण १४ मार्च २०१७ रोजी निघालेली दुरुस्ती ज्यांवर बसविली नव्हती, अशा कित्येक यंत्रांना त्याच वर्षी १२ मे रोजी पसरू लागलेल्या ‘वॉनाक्राय’ने ग्रासले, व धारिका कुलूपबंद करून खंडणी मागितली.

सेटिंग्जमधील अपडेटच्या दालनात मुदत मागण्याची सोय आहे. एकंदर पाच आठवड्यांपर्यंत दुरुस्ती लांबणीवर टाकता येते. ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये कामाचे तास नोंदविले (जास्तीत जास्त अठरा), म्हणजे त्या अवधीत यंत्र आपणहून पुन्हा सुरू होत नाही. हॉटस्पॉटवाल्यांनी त्या जोडणीवर ‘मीटर्ड कनेक्शन’ची खूण अवश्य करावी, मग मोठ्या दुरुस्त्या बहुतेक अडून राहतात आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत नाही. राहता राहिली वीज: ती जाण्याची वेळ ठाऊक असेल, तर दुरुस्ती तिच्या तोंडावर सुरू करू नये.