कुलचिन्हांकित ग्रंथबांधणी : द तू संग्रहाच्या संदर्भात

सोळाव्या व सतराव्या शतकांतील युरोपीय मुद्रित ग्रंथांच्या चामडी बांधणीवर, पुठ्ठ्याच्या मध्यभागी, सोनेरी ढालीची आकृती पुष्कळदा आढळते. ही ढाल म्हणजे ग्रंथस्वामीच्या घराण्याचे चिन्ह होय. अशा बांधणीस ‘कुलचिन्हांकित बांधणी’ म्हणता येईल. दुर्मीळ ग्रंथांच्या बाजारात तिचे मोल बहुधा शोभेवरून आणि स्वामीच्या कीर्तीवरून ठरते. ग्रंथेतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक ऐवज सापडतो. पोथी कोणी, कोणासाठी व कोणत्या शकात लिहिली, हे मराठी हस्तलिखितांच्या संशोधकाला पुष्पिकेवरून कळते; त्यातील काही भाग युरोपीय मुद्रित ग्रंथाची बांधणी सांगू शकते. ही साक्ष कितपत ग्राह्य धरावी, याचा विचार फ्रेंच इतिहासकार जाक ओग्यूस्त द तू (१५५३–१६१७) यांच्या ग्रंथसंग्रहाच्या आधारे येथे केला आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळी मुद्रक आपला ग्रंथ बहुधा सुट्या फर्म्यांच्या अथवा तात्पुरत्या साध्या वेष्टनाच्या स्वरूपात विकत असे. पक्की बांधणी ग्राहक आपल्या ऐपतीप्रमाणे व आवडीप्रमाणे स्वतंत्र कारागिराकडून करून घेई. म्हणून मुद्रणाचे स्थळ व वर्ष आणि बांधणीचे स्थळ व वर्ष या दोन वेगळ्या बाबी ठरतात. शीर्षकपृष्ठ मुद्रकाविषयी बोलते, तर बांधणी वाचकाविषयी बोलते.

कुलचिन्ह उमटवण्याची पद्धती अशी होती. पितळेच्या ठोकळ्यावर चिन्हाची उठावदार, उलटी आकृती कोरली जाई. चामड्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा हात देऊन त्यावर सोन्याचा वर्ख ठेवीत. मग तापवलेला ठसा दाबला की उष्णतेने वर्ख तेवढ्याच जागी चिकटे; उरलेला पुसून काढला जाई. लहान ठसे हाताने उमटवले जात, मोठ्या ठशांसाठी दाबयंत्र लागे. एकदा घडवलेला ठसा शेकडो ग्रंथांवर वापरता येत असल्याने त्यातील बारीकसारीक फरक अभ्यासकाला उपयोगी पडतात. ठसा बदलला, की बांधणीचा काळ बदलला असे अनुमान करता येते.

द तू संग्रहात या अनुमानाला विलक्षण बळ मिळते. द तू हे पॅरिसच्या उच्च न्यायपीठाचे एक अध्यक्ष होते. १५९३ पासून राजाच्या ग्रंथालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे होते, आणि १५९८ च्या नांतच्या फर्मानाच्या वाटाघाटींत त्यांचा सहभाग होता. आपल्या काळाचा त्यांनी लॅटिनमध्ये लिहिलेला बृहद् इतिहास १६०४ पासून प्रसिद्ध होऊ लागला. १६०९ मध्ये रोमने तो निषिद्ध ग्रंथांच्या सूचीत घातला. या लेखनाला आधारभूत ठरलेले त्यांचे ग्रंथालय विद्वानांना खुले होते. तांबड्या, पिवळसर व जैतुनी रंगाच्या बकऱ्याच्या चामड्यात, तसेच वासराच्या चामड्यात त्यांनी ग्रंथ बांधवून घेतले.

द तू घराण्याच्या ढालीवर वर टोक असलेली, घराच्या वाशांसारखी जुळलेली पट्टी आणि तिच्याभोवती तीन गोमाश्या आहेत. विवाहापूर्वीच्या बांधण्यांवर ही एकच ढाल दिसते. १५८७ मध्ये मारी द बार्बांसाँ यांच्याशी विवाह झाल्यानंतर पतीची व पत्नीची अशा दोन ढाली शेजारी शेजारी येतात, आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे गुंफलेले चिन्हही त्यांसोबत दिसू लागते. मारी १६०१ मध्ये निवर्तल्या. गास्पार्द द ला शात्र यांच्याशी दुसरा विवाह झाल्यावर पत्नीची ढाल बदलली आणि गुंफणीतील अक्षरही बदलले. अशा रीतीने एका गृहस्थाचा कौटुंबिक इतिहास त्याच्या ग्रंथांच्या पुठ्ठ्यांवर क्रमाने नोंदला गेला. समजा, १५५० मध्ये मुद्रित झालेल्या एखाद्या ग्रंथावर पहिल्या पत्नीची ढाल आहे. तर त्याची ही बांधणी १५८७ पूर्वीची असू शकत नाही. तो ग्रंथ तेव्हा नव्याने संग्रहात आला असेल, किंवा आधीपासूनच असून पुन्हा बांधला गेला असेल.

या पर्यायांतच साक्षीची मर्यादा दिसून येते. ठसा बांधणीची पूर्वसीमा निश्चित करतो. ग्रंथ कधी विकत घेतला आणि तो वाचला गेला की नाही, हे तो सांगत नाही. उत्तरसीमेबाबतही सावधगिरी हवी, कारण ठसा ही टिकाऊ वस्तू आहे व ती प्रसंग सरल्यावरही वापरली जाऊ शकते. शिवाय द तू यांच्या पश्चात त्यांच्या मुलांच्या काळातही संग्रहात भर पडत राहिली.

दुसरा धोका बनावटीचा आहे. एकोणिसाव्या शतकात तेओदोर हागे या फ्रेंच कारागिराने नामांकित राजेरजवाड्यांच्या नावावर खपतील अशा ‘प्राचीन’ बांधण्या तयार केल्या. लंडनमधील जॉन ब्लॅकर या संग्राहकाने त्या मोठ्या किमती देऊन घेतल्या. प्रख्यात स्वामीच्या चिन्हाने किंमत वाढते, तेथे ते चिन्ह खोटे उमटवण्याचा मोहही वाढतो. म्हणून ढालीची साक्ष एकटी न मानता ग्रंथावरील स्वाक्षरी, कपाटातील स्थानदर्शक अंक, जुन्या विक्रीच्या नोंदी व सूची यांच्याशी ती ताडून पाहावी लागते. द तू संग्रहाची सूची १६७९ मध्ये छापली गेली असल्याने अशी पडताळणी करणे तेथे शक्य होते.

आपला संग्रह अखंड राहावा, अशी द तू यांची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. १६८० मध्ये हस्तलिखिते कोल्बेर यांच्याकडे गेली आणि मुद्रित ग्रंथांचा मोठा भाग मेनारच्या मार्क्विसने घेतला. १७०६ मध्ये तो कार्डिनल द रोआँ यांच्याकडे आला; पुढे सुबीझच्या राजपुत्राच्या मृत्यूनंतर १७८९ मध्ये लिलावात विखुरला. आज निरनिराळ्या देशांतील ग्रंथालयांत असलेले हे खंड मनोमन पुन्हा एकत्र आणण्यासाठी ढाल हाच पहिला धागा हाती लागतो.

तो धागा तुटण्याची भीती फ्रेंच राज्यक्रांतीत खरोखर उद्भवली होती. सरंजामशाहीची चिन्हे नष्ट करण्याच्या भरात ग्रंथांवरील ढालीही खरवडल्या जाऊ लागल्या. तेव्हा ऑक्टोबर १७९३ मध्ये राष्ट्रीय परिषदेने या निमित्ताने ग्रंथ विद्रूप करण्यास मनाई केली. राजसत्ता उलथून टाकणाऱ्या सभेने राजसत्तेच्या खुणा पुराव्यादाखल राखाव्यात, ही घटना अर्थपूर्ण आहे. ग्रंथांचा ऱ्हास पुढेही होत राहिला, पण बहुधा शांतपणे : जीर्ण पुठ्ठा काढून टाकून नवी, स्वच्छ बांधणी करण्याने. अशा दुरुस्तीत मजकूर वाचतो आणि ग्रंथाचा वाचक पुसला जातो. म्हणून दुरुस्ती अटळ असेल तेथे मूळ पुठ्ठे, निदान त्यांवरील ठसा असलेला भाग, ग्रंथासोबत जपून ठेवणे आणि काढण्यापूर्वी त्यांची तपशीलवार नोंद करणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य ठरते.