टोपलीबाहेरचे डोळे

गरम हवेच्या फुग्यात बसलेल्याला खालचं सगळं दिसतं. दिसत नाही तो फक्त फुगा. मान वर केली तर बर्नरची ज्योत आणि कापडाची आतली बाजू, बस्स. म्हणून उड्डाणाचं चित्रण करायचं तर हातातल्या कॅमेऱ्याने भागत नाही. लहान कॅमेरे जागोजागी बांधावे लागतात.

उडत्या कॅमेऱ्याची सुरुवात फुग्यातूनच झाली. १८५८ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार नादारने पॅरिसजवळच्या पेटी-बिसेत्र गावावरून पहिलं हवाई छायाचित्र घेतलं. त्याचा फुगा गॅसचा. रसायन लावलेल्या काचा ओल्या असतानाच वापरायच्या आणि लगेच धुवायच्या, म्हणून टोपलीतच काळोखी खोली थाटलेली. आधीच्या खेपांत काचा नुसत्या काळ्या निघत, कारण फुग्याच्या तोंडातून सुटणारा वायू रसायनं नासवायचा. तोंड बंद ठेवलं तेव्हा कुठे चित्र उमटलं, आणि तेही आज शिल्लक नाही. नायलॉनचं कापड आणि प्रोपेनचा बर्नर असलेला आजचा फुगा फार नंतरचा. अमेरिकन अभियंता एड योस्टने तो २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्कात उडवला.

फुग्याच्या चित्रणाला अमेरिकेतल्या अल्बुकर्कीसारखी जागा नाही. १९७२ मध्ये एका मॉलच्या आवारातून १३ फुगे उडाले, तिथून सुरू झालेला तिथला मेळा आता दर ऑक्टोबरमध्ये शेकडो फुग्यांचा असतो. हवा जुळली तर सकाळी खालचा वारा दक्षिणेकडे आणि वरचा उत्तरेकडे वाहतो. उंची बदलत पायलट जवळपास निघाल्या जागी परत येऊ शकतो. त्यामुळे जमिनीवर तिपाईवर ठेवलेल्या कॅमेऱ्यालाही उड्डाणाची दोन्ही टोकं मिळू शकतात. एरवी गाडीतून फुग्याच्या मागे धावावं लागतं.

बाकीचे कॅमेरे कुठे? एक टोपलीच्या कडेबाहेर काढलेल्या दांडीच्या टोकाला, प्रवाशांचे चेहरे आणि खालची जमीन एका चौकटीत घेणारा. एक टोपलीखाली दोरीला. एक शेंड्यापासून बाहेरून खाली येणाऱ्या दोरावर. फुग्याचं अंग अगदी जवळून दाखवतो तो हाच. शेंड्याच्या आत मात्र कॅमेरा लावू नये. तिथली हवा शंभर अंशांच्या आसपास तापते. बर्नरच्या चौकटीवर लावायचा तर ज्योतीची धग चुकवून, आणि पायलटच्या हाताआड येणार नाही असा. शेवटचा शब्द त्याचाच. प्रत्येक कॅमेऱ्याला दुसरी, सुटी दोरी हवीच. तेवढ्या उंचीवरून निसटलेला कॅमेरा खालच्या माणसाला दगडासारखाच लागणार.

फुगा वाऱ्याबरोबर वाहतो, त्यामुळे टोपलीत वारा जवळजवळ लागत नाही. खालच्या कुत्र्यांचं भुंकणंसुद्धा माइकवर स्वच्छ येतं. मग बर्नर गरजतो आणि आवाज फाटतो. पण हा कर्कश गडगडाट संकलकाच्या सोयीचा असतो. फुग्यावरच्या सगळ्या कॅमेऱ्यांनी तो एकाच वेळी ऐकलेला असतो, म्हणून त्याच्यावरून त्यांची दृश्यं एका वेळेवर आणता येतात. चित्राचं दुखणं वेगळं: ज्योत पेटली की स्वयंचलित कॅमेरा दचकून सगळं काळं करतो. प्रकाशाचं माप आधीच पक्कं केलेलं बरं. पहाटेच्या गारठ्यात बॅटऱ्याही लवकर मान टाकतात; त्या उड्डाणापर्यंत खिशात ठेवाव्यात.

माझ्या मते अशा बहुतेक फिल्मा बिघडतात त्या हौसेपायी. पाच कॅमेरे आहेत म्हणून दर तीन सेकंदांनी दृश्य बदललं की संथपणा, म्हणजे फुग्याची सगळी गंमत, निघून जाते.

खरी कमाई उतरताना. पायलट सूचना देतो: गुडघे वाकवा, आतले पट्टे धरा, हातातलं सगळं ठेवून द्या. टोपली आपटते, कधी आडवी होऊन शेतातून फरफटत जाते. तेवढा वेळ फोन बाहेर काढायची कुणाची छाती नसते, चित्रण सुरू असतं ते बांधलेल्या कॅमेऱ्यांचंच. मग कापडातली हवा दाबून काढायला सगळे धावतात. त्याआधी दोरावरचा कॅमेरा सोडवायचा, नाहीतर तो कापडाबरोबर पिशवीत कोंबला जातो आणि फुगा पुन्हा उलगडेपर्यंत हाती लागत नाही.