पेव, भाकरी आणि शिंप्याची टेप
(ओळख कॅन्सरची : लेखांक सहावा)

‘पोरगी अंगानं भरलेली हाय, खात्यापित्या घरची दिसती.’ नांदेड-लातूरकडं सोयरीक जुळवताना हे वाक्य आजही कौतुकानं म्हटलं जातं. त्यात नवल नाही. १९७२च्या दुष्काळात मिलोच्या लाल भाकरी आणि सुकडीवर दिवस काढलेली माणसं अजून घराघरात आहेत. त्यांच्या लेखी अंगावरचं मांस म्हणजे बरकत. अशा घरात जाऊन ‘वजनाचा कॅन्सरशी संबंध आहे’ असं सांगितलं, तर ऐकणारा आधी आपल्याकडंच संशयानं बघतो. तंबाखूचं पटतं. पण जेवणाचं?

मागच्या आठवड्यात तंबाखू, गुटखा आणि मिसरीबद्दल लिहिलं होतं. त्यामुळं क्रम आधीच स्पष्ट करतो. ब्रिटनमधल्या २०१५च्या हिशेबानुसार तिथले सुमारे १५ टक्के कॅन्सर तंबाखूमुळं होतात आणि ६ टक्क्यांच्या आसपास जास्त वजनामुळं. आपल्याकडं तंबाखूचं पारडं याहून कितीतरी जड आहे. खिशात गुटख्याची पुडी ठेवून वरणावरच्या तुपाची चिंता करणाऱ्याचं गणित उलटं आहे, एवढं ध्यानात ठेवून पुढं वाचा.

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या ल्योनमधल्या कॅन्सर संशोधन संस्थेनं एक यादी जाहीर केली. शरीरात साठलेल्या जादा चरबीशी ज्यांचा संबंध पुरेशा पुराव्यानं दिसतो, असे १३ प्रकारचे कॅन्सर त्या यादीत आहेत. गर्भाशयाच्या अस्तराचा, पाळी गेल्यानंतर होणारा स्तनाचा, मोठ्या आतड्याचा, यकृताचा, पित्ताशयाचा, स्वादुपिंडाचा, मूत्रपिंडाचा हे त्यातले काही. सगळ्यात घट्ट नातं आहे ते गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरशी.

हे घडतं कसं? आपण चरबीकडं पेवासारखं बघतो. जुन्या वाड्यांत जमिनीखाली पेव असायचं. ज्वारी ओतली, तोंड बंद केलं, की दाणे निमूट पडून राहायचे. चरबी तशी निमूट बसत नाही. ती दिवसरात्र कामात असते, रक्तात रसायनं सोडत असते. बाईची पाळी गेली की बीजकोश इस्ट्रोजेन बनवणं जवळपास थांबवतात. पण चरबीत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करत राहतं. चरबी जितकी जास्त, तितका हा पुरवठा जास्त. स्तनातल्या आणि गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशींना मग ‘वाढा, वाढा’ असा निरोप वर्षानुवर्षं मिळत राहतो. पेशी जितक्या वेळा विभागतात, तितकी एखादी चूक राहून जाण्याची शक्यता वाढते. दुसरीकडं पोटातल्या चरबीमुळं इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. जास्तीचं इन्सुलिनही पेशींना वाढीचाच इशारा देतं. यकृतात चरबी साचली तर तिथं बारीक सूज धुमसत राहते.

म्हणून पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून थेंबभर जरी लाल गेलं, तरी ‘उष्णता झाली असेल’ म्हणून घरात बसू नये. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण तपासणी झालीच पाहिजे. इथं एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. २०१९ साली सरकारी समितीनं पाहणी केली, तेव्हा हा आकडा १३ हजारांवर गेला. ‘ठेवली तर कॅन्सर होईल’ ही भीती त्यांतल्या अनेकींना घातली गेली होती. कॅन्सरच्या नावानं भीती घालणं किती सोपं आणि कॅन्सर समजावून सांगणं किती दुर्मीळ!

‘आम्ही कुठं लठ्ठ आहोत?’ हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर पुण्यातून मिळतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा होता : २२.३. कागदावर दोघंही सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली, तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचा याज्ञिकांनी अभ्यास केला. बाळं वजनानं हलकी, हातपाय बारीक, चरबी मात्र त्या मानानं जास्त. ही ठेवण आपण जन्मापासून घेऊन येतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के बायकांचं वजन बीएमआयच्या हिशेबानं जास्त निघालं. कंबर आणि नितंबांच्या घेरांचं गुणोत्तर घेतल्यावर मात्र धोक्याच्या रेषेपलीकडं ५७ टक्के बायका होत्या. वजनकाट्यानं ज्यांना पास केलं, त्यांतल्या कितीतरी जणींना टेपनं नापास केलं.

आता ताट. ‘भाकरी सोडली आणि रोग आले’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. मीही भाकरीच्या बाजूचा, पण बाजू घेताना लबाडी नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत आणि चक्कीवर दळलेल्या कणकेत ११. म्हणजे पोळी इथं हरत नाही. हरतो तो पॉलिशचा तांदूळ आणि मैदा. दोन्हींत तंतू जेमतेम पावणेतीन ग्रॅम. हे तंतू मोठ्या आतड्यात जिवाणू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराला ते पोसतं. सालासकट धान्य खाणाऱ्यांत आतड्याचा कॅन्सर कमी दिसतो, त्यामागचं हे एक कारण. भाकरीचा खरा फायदा तिच्या सोबत्यांत आहे. ती बिनतेलाची थापली जाते, चावायला वेळ लागतो आणि तिच्याबरोबर अंबाडी, करडई, तांदुळजा, घोळ अशी भाजी किंवा तुरीचं वरण लागतंच. खरिपाच्या ज्वारीच्या रानात सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि भाकरीबरोबर तिचा हा सगळा गोतावळाही ताटातून उठला. लातूरला ‘नीट’च्या तयारीला आलेली पोरं बघा. सकाळी पोहे, दुपारी मेसचा भात, संध्याकाळी वडापाव, आणि दहा-बारा तास खुर्चीत.

शेंगदाण्याचंही एक सांगून टाकतो. बुरशी लागलेल्या दाण्यांत अफ्लाटॉक्सिन असतं आणि त्यानं यकृताचा कॅन्सर होतो. भाजून किंवा चटणीत कुटून ते पुरतं जात नाही. काळे, सुरकुतलेले दाणे निवडून फेका. घरातली म्हातारी निवडत बसते, ती उगीच नाही.

आणि ज्याचे उपचार चालू आहेत, त्याला हा लेख लावू नका. ‘साखरेवर कॅन्सर पोसतो’ असं ऐकून घरचे लोक पेशंटचं गोड, दूध, भात सगळं बंद करतात. केमोच्या काळात वजन घटणं घातक असतं. त्याला खाऊ द्या.

बाकीच्यांनी टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजायचं. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर, म्हणजे साडेपस्तीस इंच, आणि बायकांना ८०, म्हणजे साडेएकतीस. ही रेघ मुळात मधुमेह आणि हृदयविकार डोळ्यांपुढं ठेवून आखली गेली, पण चरबी तीच. परकराची नाडी कुणालाच काही सांगत नाही, ती सैल होत जाते. पुरुषांनी पँटच्या नंबरावरही जाऊ नये. चौतीसचीच पँट दहा वर्षं चालते, कारण पट्टा दरवर्षी बोटभर खाली सरकलेला असतो.